चाकांवरचे घर आणि मुका सोबती



थंडीपासून पळून जावे ही कल्पना आपल्या अंगवळणी पडलेली नाही. आपण पळतो ते उन्हापासून. वैशाख तापू लागला म्हणजे ज्याला परवडते तो महाबळेश्वर-माथेरान गाठतो, आणि ज्याला परवडत नाही तो संध्याकाळच्या वाऱ्यात व्याख्यान ऐकावयास येऊन बसतो. हिवाळा हा तर आपला सुखाचा ऋतू. हुरड्याचा, पहाटेच्या फिरण्याचा, निवांत झोपेचा.

उत्तर युरोपातील माणसाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहर साडेत्रेपन्न अक्षांशावर वसले आहे. डिसेंबरच्या २१ तारखेच्या सुमारास तेथील दिवस जेमतेम साडेसात तासांचा असतो, आणि भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून १३ अंशांवर चढत नाही. त्याच दुपारी पुण्यात तो ४८ अंशांवर असतो. ढग, ओल आणि अंधार यांत तीन-चार महिने काढावयाचे, हे ज्याला नोकरीसाठी भाग आहे तो काढतो. पण नोकरी संपली, मुले आपापल्या मार्गाला लागली, गुडघे कुरकुरू लागले, की त्या माणसाच्या मनात एकच दिशा घर करते, ती म्हणजे दक्षिण.

अशी हजारो माणसे दर वर्षी शरद ऋतूत स्पेनच्या दक्षिण किनाऱ्याकडे निघतात. त्यांतली पुष्कळशी हॉटेलात उतरत नाहीत. ती आपले घरच बरोबर नेतात. मोटारीच्या सांगाड्यावर बांधलेल्या त्या घरात बिछाना, शेगडी, मोरी, संडास अशी सर्व सोय असते. इंग्रजीत त्याला मोटरहोम म्हणतात, आपण मोटारघर म्हणू. आणि त्या घरात बहुधा एक तिसरा प्रवासीही असतो, तो म्हणजे कुत्रा.

हा विषय आपल्या गावात कशाला, असे कोणी विचारील. त्याला माझी दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, आपल्यापैकी अनेकांची मुले-सुना आज जर्मनीत, हॉलंडात, इंग्लंडात आहेत, आणि भाड्याचे मोटारघर घेऊन हिंडण्याचा छंद त्यांनाही लागत आहे. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. घर सोडून मोकळे व्हावे, ही इच्छा सर्वांनाच असते. परंतु मोकळे होणे म्हणजे जबाबदारीतून सुटणे काय, या प्रश्नाचे उत्तर या प्रवासात फार स्पष्टपणे मिळते.

कुत्रा पहिल्यापासूनच बरोबर आहे

हौसेखातर चाकांवरच्या घरात राहण्याची प्रथा तशी जुनी नाही. जिप्सी लोकांच्या गाड्या फार पूर्वीपासून होत्या, पण ती त्यांची उपजीविका होती. चैन म्हणून असे घर बांधवून घेणाऱ्या पहिल्या लोकांत डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांचे नाव घेतात. हे आरमारातून निवृत्त झालेले शल्यवैद्य. १८८५ साली त्यांनी 'वाँडरर' नावाची दोन घोड्यांची गाडी बांधवून घेतली आणि इंग्लंडातून थेट स्कॉटलंडातील इनव्हर्नेसपर्यंत प्रवास केला. गाडी इतकी अवजड होती की, पुढचा रस्ता कसा आहे ते पाहण्यासाठी त्यांचा नोकर तीनचाकी सायकलवर पुढे जाई. आणि डॉक्टरांच्या बरोबर कोण होते? 'हरिकेन बॉब' नावाचा न्यूफाउंडलंड जातीचा थोरला कुत्रा. म्हणजे या प्रकारच्या प्रवासाच्या पहिल्या पानावरच कुत्रा आहे.

पुढे १९३१ साली जर्मनीतील आरिस्ट डेटलेफ्स या चाबकांच्या कारखानदाराने, धंद्याच्या फिरतीवर असताना कुटुंबाची ताटातूट होऊ नये म्हणून मोटारीमागे ओढावयाचे घर बांधले. १९५१ पासून फोक्सवॅगनच्या डब्यासारख्या गाडीत बिछाना-कपाटांची जोडणी मिळू लागली आणि हे सुख मध्यम वर्गाच्या आवाक्यात आले. १९६० साली अमेरिकेत जॉन स्टाइनबेक हे विख्यात कादंबरीकार आपल्या म्हाताऱ्या पूडल कुत्र्याला, चार्लीला, घेऊन अशाच गाडीतून देशभर हिंडले. गाडीचे नाव त्यांनी ठेवले होते रोसिनान्ते, म्हणजे स्पेनच्या डॉन किहोतेच्या घोड्याचे नाव. एकट्या माणसाशी परका माणूस सहसा बोलत नाही. कुत्रा बरोबर असला की बोलतो. हा अनुभव स्टाइनबेकना आला तसा आजच्या प्रवाशांनाही येतो.

ऊब कोठून येते

आता उदाहरणादाखल एक जोडपे डोळ्यांपुढे आणू. हॅम्बुर्गचे निवृत्त शिक्षक आणि त्यांची पत्नी. वय पासष्टीच्या पुढे. बरोबर दहा-अकरा वर्षांचा कुत्रा. नोव्हेंबरात निघायचे आणि मालागाच्या किनाऱ्यावर पोचायचे. अंतर अडीच हजार किलोमीटरांहून अधिक.

मालागा ऊबदार का? एक तर ते ३७ अंशांच्या थोडे अलीकडे आहे. डिसेंबरातही दुपारी सूर्य ३० अंशांपर्यंत चढतो आणि दिवस साडेनऊ तासांच्या वर असतो. दुसरे, समोर भूमध्य समुद्र आहे. उन्हाळ्यात साठवलेली उष्णता तो हिवाळ्यात हळूहळू परत करतो. तिसरे, पाठीशी डोंगरांची रांग उभी आहे. उत्तरेचा गार वारा ती अडवून धरते. म्हणून जानेवारीतही मालागाला दुपारी सतरा अंशांच्या आसपास तापमान असते. आपल्याला हा आकडा थंडीचा वाटेल, पण हॅम्बुर्गच्या माणसाला तो वसंत वाटतो.

मात्र 'दक्षिण' या शब्दाने फसू नये. ऊब अक्षांशाने मिळते तशी ती उंचीने हिरावली जाते. वाटेत स्पेनचे मधले पठार ओलांडावे लागते. त्यावरील बुर्गोस शहर आठशे मीटरांच्या वर आहे आणि तेथे रात्री पाणी गोठते. खुद्द मालागापासून दीड-दोन तासांवर असलेले ग्रानादा सुमारे सातशे मीटरांवर आहे. तेथेही जानेवारीच्या रात्री पारा शून्याजवळ उतरतो. अल्हंब्रा पाहावयास गेलेला प्रवासी किनाऱ्यावरच्या उन्हाच्या भरवशावर पांघरूण विसरला, तर रात्रभर कुडकुडतो आणि त्याच्याबरोबर कुत्राही कुडकुडतो.

घराचा जमाखर्च

आपण नेहमीच्या घरात राहतो तेव्हा तीन गोष्टी आपल्याला दिसत नाहीत. पाणी कोठून येते, ऊब कशाने येते आणि मैला कोठे जातो. नळ, तार आणि गटार यांच्या आड त्या लपलेल्या असतात. मोटारघरात या तिन्ही गोष्टी हाताने मोजाव्या लागतात.

पाण्याची टाकी साधारण शंभर लिटरांची. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो वजन, आणि सर्वसामान्य मोटारचालकाच्या परवान्याने चालवता येणाऱ्या बहुतेक मोटारघरांची एकूण वजनाची मर्यादा साडेतीन टन असते. तेव्हा माणसे, कुत्रा, सायकली, डबाबंद अन्न आणि पाणी यांचा हिशेब कागदावर मांडूनच निघावे लागते. काटकसरीने वागणाऱ्या जोडप्याला एवढे पाणी चार दिवस पुरते. आपल्याकडे टँकरची वाट पाहणाऱ्या गावांना हा हिशेब निराळा शिकवावा लागणार नाही. हॅम्बुर्गच्या शिक्षकाला मात्र तो साठीनंतर शिकावा लागतो.

ऊब येते ती गॅसवर. येथे पदार्थविज्ञानाचा एक धडा आहे. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरात ब्यूटेन आणि प्रोपेन या दोन वायूंचे मिश्रण असते. ब्यूटेन शून्य अंशाच्या जवळपास द्रवरूपच राहतो, वायू होत नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होत राहतो. स्पेनमध्ये घरोघरी दिसणारी नारिंगी बाटली ब्यूटेनची. किनाऱ्यावर ती उत्तम चालते, पण ग्रानादाच्या पहाटे शेगडी मंदावते. म्हणून डोंगर चढावयाचा तर प्रोपेनची बाटली जवळ हवी. काही बॉयलरांना एक झडप असते. आतला भाग तीन-चार अंशांपर्यंत थंड झाला की ती आपोआप उघडते आणि बॉयलर फुटू नये म्हणून सारे पाणी जमिनीवर सोडून देते. ज्याला हे ठाऊक नसते तो सकाळी कोरडा नळ पाहून चकित होतो.

दिवे चालतात छतावरच्या सौर पट्ट्यांवर. पट्ट्या आडव्या बसवलेल्या असल्यामुळे त्यांना मिळणारे ऊन सूर्याच्या उंचीवर अवलंबून असते. डिसेंबरच्या दुपारी मालागाला ते डोक्यावरच्या उन्हाच्या निम्मे, आणि हॅम्बुर्गला चौथाईहूनही कमी. प्रवासी दक्षिणेकडे का जातो, हे त्याची बॅटरीही सांगू शकेल.

आता मैला. संडासाखालची पेटी जेमतेम अठरा-वीस लिटरांची. दोन माणसांत ती तीन-चार दिवसांत भरते आणि ठरवून दिलेल्या जागीच रिकामी करावी लागते. ज्याने ती आडरानात ओतली त्याने सगळ्या प्रवाशांचे नाव घालवले.

येथे मला आपल्या धनगरांची आठवण होते. पावसाळा सरला की देशावरचे कित्येक धनगर मेंढ्या, घोडी आणि कुत्री घेऊन घाट उतरतात आणि कोकणात जातात. शेतकरी त्यांना आपण होऊन बोलावतो, शेतात मेंढ्या बसवतो, बदल्यात धान्य देतो, कारण लेंडीखताने त्याच्या जमिनीचे भले होते. फिरस्त्याने मागे काय ठेवले यावर त्याचे स्वागत ठरते, ही रीत जुनी आहे. मोटारघराजवळ तसे मागे ठेवण्यासारखे काही नसते. म्हणून त्याच्यापुरता नियम असा की, बाजारात चार पैसे ठेवावे आणि दुसरे काहीही ठेवू नये.

मुक्काम म्हणजे काय

स्पेनच्या वाहतूक खात्याने २००८ साली या बाबतीत एक उपयुक्त भेद स्पष्ट केला. गाडी उभी करणे वेगळे आणि तळ ठोकणे वेगळे. चाकांखेरीज गाडीचे काहीही जमिनीला टेकलेले नसेल, खुर्च्या-टेबल बाहेर मांडलेले नसेल, छत्री उघडलेली नसेल आणि गाडीतून काही बाहेर सांडत नसेल, तर ती गाडी नुसती उभी आहे. मग आत कोणी झोपले आहे की जागे आहे, हा प्रश्न वाहतुकीचा राहत नाही. पण एक खुर्ची बाहेर आली की तो तळ झाला, आणि त्याला परवानगी हवी. समुद्रकिनाऱ्याचा प्रश्न याहून कडक आहे. १९८८ च्या किनारा कायद्याने पुळणीवर गाडी लावणे आणि तळ ठोकणे, दोन्ही निषिद्ध आहे. शेजारच्या पोर्तुगालने तर २०२१ च्या जानेवारीत ठरलेल्या जागांबाहेर रात्रीचा मुक्काम सरसकट बंद केला होता. त्याच वर्षी पुढे तो नियम थोडा सैल झाला, पण किनारपट्टी आणि संरक्षित निसर्गक्षेत्रे यांना ती सवलत मिळाली नाही.

हे नियम का आले, याचा विचार केला पाहिजे. आल्मेरिया हा युरोपातील सर्वांत कोरड्या प्रदेशांपैकी एक. वर्षाचा पाऊस दोनशे मिलिमीटरांच्या आसपास. तेथे तीस हजार हेक्टरांहून अधिक जमीन प्लॅस्टिकच्या छपरांखाली आहे आणि हिवाळ्यात टोमॅटो, काकड्या, मिरच्या यांचे ट्रक तेथून उत्तरेकडे धावतात. भूजल इतके उपसले गेले की काही ठिकाणी समुद्राचे खारे पाणी आत शिरले. एकाच रस्त्याने भाजी उत्तरेस जाते आणि म्हातारी माणसे दक्षिणेस येतात. दोघांनाही हवे ते एकच ऊन, आणि दोघेही पितात ते एकच थोडके पाणी. हे ध्यानात आले म्हणजे नळाखाली गाडी धुणाऱ्या पाहुण्याकडे गावकरी कपाळाला आठ्या घालून का पाहतो, ते कळते.

आपल्या मुलांसाठी एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो. भारतीय पारपत्रावर जर्मनीत राहणाऱ्या माणसाला शेंगेन करारातील इतर देशांत १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. २०२१ पासून ब्रिटिश नागरिकांनाही शेंगेन प्रदेशात हीच मर्यादा लागू झाली. तेव्हा सारा हिवाळा स्पेनमध्ये काढू म्हणणाऱ्याने आधी दिनदर्शिका पुढे घ्यावी.

कुत्र्याचे कागद

आता तिसऱ्या प्रवाशाकडे वळू. युरोपीय संघात एका देशातून दुसऱ्यात जाताना कुत्र्याच्या कातडीखाली मायक्रोचिप असावी लागते, रेबीजची लस टोचलेली असावी लागते, आणि त्याचे स्वतःचे पारपत्र असावे लागते. पहिल्या लसीनंतर २१ दिवस थांबावे लागते. ब्रिटनची गोष्ट तर याहून कठीण होती. २००० सालापर्यंत परदेशातून परतलेल्या कुत्र्याला तेथे सहा महिने विलगवासात ठेवीत. त्यामुळे इंग्रज म्हातारा हिवाळ्यासाठी दक्षिणेस निघाला, तर कुत्रा मागे ठेवूनच निघे.

हे सारे कशासाठी, असा प्रश्न काहींना पडतो. स्पेनच्या तारिफा बंदरातून मोरोक्को दिसतो. सामुद्रधुनी अरुंद जागी फक्त १४ किलोमीटर आहे, आणि तासाभरात बोट पलीकडे पोचते. अधिक उन्हाच्या ओढीने कित्येक मोटारघरे पलीकडे जातात. पण मोरोक्कोत रेबीज अजून आहे. २००४ साली तेथून एक पिल्लू विनाकागदपत्र मोटारीतून स्पेनमार्गे फ्रान्समध्ये आणले गेले. त्याला रेबीज होता. बोर्दो शहराच्या आसपास ते ज्यांच्या-ज्यांच्या संपर्कात आले असेल त्यांचा शोध घ्यावा लागला आणि अनेकांना लस टोचावी लागली. आणणाऱ्याच्या मनात दयाच असावी. पण नियमाशिवायची दया किती महाग पडते, ते यावरून दिसते. म्हणून मोरोक्कोहून कुत्र्याला परत आणावयाचे, तर निघण्यापूर्वीच युरोपात त्याच्या रक्ताची तपासणी करून, लसीचा गुण पुरेसा उतरल्याची नोंद पारपत्रात करून घ्यावी लागते.

हाच नियम भारतातून जाणाऱ्या कुत्र्यालाही आहे. लस टोचल्यावर किमान ३० दिवसांनी रक्त घ्यावयाचे, मान्य प्रयोगशाळेत ते तपासावयाचे, आणि रक्त घेतल्या दिवसापासून तीन महिने थांबावयाचे. म्हणजे पुण्याच्या घरातील कुत्रा म्युनिकला मुलाकडे न्यावयाचा, तर तयारी चार महिने आधी सुरू झाली पाहिजे. तिकीट काढून मग पशुवैद्याकडे जाणाऱ्यांची फार निराशा होते.

हिवाळ्यातील सुरवंट, वसंतातील माशी

कागद झाले, आता देहाचे भय. भूमध्य किनाऱ्यावर दोन क्षुद्र जीव कुत्र्याचे वैरी आहेत. त्यांतला एक हिवाळ्यात येतो आणि दुसरा हिवाळा संपताच.

पहिला म्हणजे पाइनवरचा सुरवंट. हिवाळ्यात पाइनच्या फांद्यांवर पांढऱ्या रेशमाचे गोळे दिसतात. ती याची घरटी. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत केव्हातरी ऊबदार दिवशी सुरवंट खाली उतरतात आणि एकामागे एक, डोके मागच्या टोकाला लावून, लांबच लांब रांगेने चालू लागतात. फाब्र या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने त्यांना एका कुंडीच्या काठावर चढवले, तर ते एकमेकांमागे आठवडाभर तिच्याभोवती फिरत राहिले. आपल्याकडे शेवग्यावरचा सुरवंट अंगाला लागला की किती आग होते, ते सर्वांना ठाऊक आहे. याचे केस त्याहून घातक. जमिनीवर हलणारी ती दोरी पाहून कुत्रा हुंगावयास जातो, चाटतो, आणि थोड्याच वेळात त्याची जीभ सुजते. उशीर झाला तर जिभेचा भाग मरून गळून पडतो, जिवावरही बेतते. उपाय एकच. तोंड न चोळता भरपूर पाण्याने धुवावे आणि तडक पशुवैद्य गाठावा. त्याहून बरे म्हणजे पाइनच्या सावलीचा मोह टाळावा. जी सावली माणसाला सुखाची वाटते तीच कुत्र्याला घातक ठरते.

दुसरा वैरी वाळूमाशी. दोन-तीन मिलिमीटरांची, आवाज न करणारी, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावणारी. आपल्या विदर्भाला तिची जात परिचित आहे. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाच्या नावाने जो विषाणू ओळखला गेला, तो वाळूमाश्याच पसरवतात. बिहार-बंगालातील काळा आजारही त्यांच्यामुळेच होतो. त्या रोगाचा परोपजीवी जंतू १९०३ साली लंडनला लीशमन यांनी आणि मद्रासला डोनोव्हन यांनी प्रसिद्धीस आणला, आणि त्यांच्याच नावांवरून त्याचे नामकरण झाले. भूमध्य प्रदेशात त्याच कुळातील दुसरा जंतू आहे. फरक असा की, आपल्याकडे काळा आजार माणसाकडून माणसाकडे जातो, तर तिकडे त्या जंतूचे मुख्य घर कुत्रा आहे.

हा रोग फार कपटी. माशी चावते मार्चच्या अखेरीस किंवा एप्रिलात, आणि लक्षणे दिसतात कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनी. कुत्रा वाळू लागतो, डोळ्यांभोवतीचे केस झडतात, नखे वेडीवाकडी वाढतात. उत्तरेकडच्या पशुवैद्याला पूर्वी हे दुखणे चटकन ओळखू येत नसे. औषधाने ते आटोक्यात राहते, मुळासकट जाते असे नाही. म्हणून जाणते प्रवासी तीन गोष्टी करतात. माशीला दूर ठेवणारा औषधी पट्टा निघण्यापूर्वीच गळ्यात बांधतात, संध्याकाळ झाली की कुत्र्याला आत घेतात, आणि दक्षिणेतला वसंत बहरात येण्यापूर्वी उत्तरेची वाट धरतात. बदामाची फुले फेब्रुवारीत पाहून घ्यावीत. एप्रिलच्या रात्रीचा मोह धरू नये.

तिसरे भय कोणा जीवाचे नाही, आपल्याच गाडीचे आहे. बाहेर २२ अंशांचे गोड ऊन असताना बंद मोटारीच्या आत तासाभरात चाळीसच्या पुढे तापमान जाऊ शकते. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकून अंग निववतो, आणि तापलेल्या कोंदट हवेत धापा कामी येत नाहीत. हिवाळा आहे, दहा मिनिटांत येतो, म्हणून दुकानात शिरलेला माणूस गप्पांत अर्धा तास घालवतो. दुर्घटना अशाच अर्ध्या तासात होतात.

वेग कोणी ठरवावा

इतके ऐकून कोणी म्हणेल, मग कुत्र्याला न्यावेच कशाला? शेजाऱ्याकडे ठेवावे आणि सुखाने हिंडावे. काही जण तसे करतात आणि त्यात गैर काही नाही. फार म्हातारा किंवा आजारी कुत्रा घरीच बरा. परंतु जे नेतात त्यांच्या प्रवासात एक फरक पडतो, तो ध्यानात घेण्यासारखा आहे.

आपले शिक्षक एकटे असते तर त्यांनी अडीच हजार किलोमीटर चार दिवसांत तोडले असते. कुत्रा असल्यामुळे दर दोन तासांनी थांबावे लागते. थांबले म्हणजे उतरावे लागते, उतरले म्हणजे चालावे लागते. मग महामार्ग सोडून लहान गावे दिसतात. नदीकाठ दिसतो. बाकावर बसलेला म्हातारा कुत्र्याचे वय विचारतो, आणि मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये दोन म्हाताऱ्यांचा संवाद सुरू होतो. चार दिवसांचा रस्ता बारा दिवसांचा होतो, आणि खरा प्रवास त्या वाढीव आठ दिवसांतच घडतो. कुत्र्याने 'मला दक्षिणेस न्या' असे कधी म्हटले नव्हते. त्याची संमती आपण गृहीत धरली. म्हणूनच त्याची भूक, त्याची तहान, त्याचा थकवा यांना पहिला मान दिला पाहिजे. जो बोलू शकत नाही आणि ज्याने हा बेत आखला नाही, त्याला झेपेल तोच मेळ्याचा वेग. हा नियम कुत्र्यापुरता नाही. वृद्ध आईला घेऊन यात्रेस गेलेल्यांना तो ठाऊकच आहे.

महाभारताच्या अखेरीस धर्मराजाबरोबर हिमालयात चालत गेलेला कुत्रा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. स्वर्गाचा रथ दारात उभा असताना, सोबत आलेल्याला मागे टाकून मी चढणार नाही, असे धर्मराज म्हणाला. ती कसोटी स्वर्गाच्या दारी झाली, म्हणून आपण तिला फार उंचावर ठेवून दिले आहे. वास्तविक ती रोजचीच कसोटी आहे. पाइनच्या सावलीत गाडी लावावी की उन्हात, दुकानात शिरावे की नाही, बोटीत चढण्यापूर्वी रक्त तपासले आहे की नाही, अशा साध्या प्रश्नांतून ती आपल्यापुढे येते.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले. तेव्हा आपल्याही घाटांत आणि किनाऱ्यांवर अशी घरे उभी राहतील. त्या वेळी गाडी कोणत्या बनावटीची, आत किती सोयी, याची चर्चा पुष्कळ होईल. मी विचारीन ते दोनच प्रश्न. त्या घरातला मैला कोठे गेला, आणि त्या घरातल्या सर्वांत दुबळ्या प्रवाशाचे हाल झाले की नाही.

आपले शिक्षक मार्चच्या मध्याला परततात. घर उघडतात, पडदे काढतात, शेजारी विचारपूस करतात. प्रवास झाला, असे सगळे म्हणतात. ते स्वतः मात्र तसे म्हणत नाहीत. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत सप्टेंबरच्या एका तारखेवर त्यांनी खूण करून ठेवलेली असते. त्या दिवशी कुत्र्याचे रक्त पुन्हा तपासावयाचे आहे. ते निर्दोष निघाले म्हणजे मागचा हिवाळा खऱ्या अर्थाने संपला.